ओट्यावरचे डाग, चट्टे आणि भाजल्याच्या खुणा: दुरुस्तीचा नेमका क्रम

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या इमारतीत दोन ओटे बिघडले. एकीने कडप्प्यावर मिठात बुडवलेलं लिंबू घासलं आणि काळ्या दगडावर पांढुरका ढग उमटला. दुसऱ्या घरी मिस्त्रीने "ॲसिड मारतो, सगळं निघतं" म्हणत बाटली ओतली. डाग निघाला, पण ओट्याची झिलईही गेली. ते दुसरं घर माझं. तेव्हापासून शेजारीपाजारी ओटा दाखवायला मला बोलावतात आणि चूक जवळपास नेहमी तीच सापडते: दगड कोणता, खूण कसली, हे न बघता हाताशी येईल ते ओतलेलं असतं.

कामाला सगळं धरून दोन ते चार दिवस लागतात, लेप पुन्हा द्यावा लागला तर जास्त. त्यातली मेहनत चार-पाच तासांची, बाकी वेळ वाळण्याची वाट बघण्यात जातो. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका. पुण्याच्या त्या दमट हवेत दगड आतून वाळत नाही, आणि ओलसर दगडावर लावलेलं मेण किंवा सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारा द्रव) पांढरट पडतं. दसऱ्यानंतर ते मे महिन्यापर्यंत कधीही चालेल.

## टप्पा १: ओटा कशाचा आहे ते ठरवा

पेठांतल्या आणि कोथरूडच्या जुन्या इमारतींत कडप्पा बराच दिसतो, त्यानंतरच्या बांधकामात ग्रॅनाइट, आणि अलीकडे स्वयंपाकघर नव्याने केलेल्या घरांत पांढरा क्वार्ट्झ (कारखान्यात बनवलेला दगड). पण इमारतीच्या वयावरून ठरवू नका. घोटलेला कडप्पा आणि काळा ग्रॅनाइट लांबून सारखेच दिसतात, आणि "ग्रॅनाइटच आहे" असं छातीठोक सांगणाऱ्या तीन घरांत मला कडप्पा निघालेला आहे.

सिंकखालची ट्रॉली बाहेर काढा आणि बॅटरी घेऊन ओट्याची खालची बाजू बघा. तिथे पॉलिश नसतं, त्यामुळे दगड लपत नाही. वेगवेगळ्या रंगांचे चमकते कण दिसले तर ग्रॅनाइट. एकसारखा बारीक पोत, करडट काळा रंग आणि कडेला थर दिसले तर कडप्पा. सगळीकडे अगदी सारखे दाणे, जणू साच्यातून काढलेले, तर क्वार्ट्झ.

मग भिंतीलगतच्या, मिक्सरमागे झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यात दोन चाचण्या करा.

लिंबाची चाचणी: लिंबाच्या रसाचा एक थेंब ठेवा, पाच मिनिटांनी पुसून कोरडा करा. तिथे निस्तेज ठिपका उरला तर दगडात चुना आहे, म्हणजे कडप्पा किंवा संगमरवर. ग्रॅनाइटवर काही उमटत नाही.

पाण्याची चाचणी: पाण्याचे चार थेंब दहा-पंधरा मिनिटं ठेवा. खालचा दगड गडद झाला तर तो पाणी पितो आहे, म्हणजे तेल आणि हळदही पिणार.

इथे थांबून बघा: लिंबाचा ठिपका उमटला असेल तर या ओट्यावर यापुढे व्हिनेगर, लिंबूसत्त्व, चिंच, ताक, टॉयलेट क्लीनर यांपैकी काहीही लावायचं नाही. चिंचेने तांब्याची भांडी लख्ख होतात, ओटा मात्र ती खाते.

## टप्पा २: खूण कोणत्या जातीची ते ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. डोळ्यांना सगळे डागच दिसतात, पण जाती तीन आहेत आणि तिन्हींची कामं वेगळी.

पहिली, वर बसलेली: जळालेली साय, उतू गेलेला पाक, वितळलेलं प्लास्टिक, नळाजवळचे पांढरे क्षार. नख फिरवलं की उंचवटा लागतो.

दुसरी, आत मुरलेली: तेलाचा गडद डाग, हळद, बिडाच्या तव्याचं गंजाचं वर्तुळ. नखाला काहीच लागत नाही, पृष्ठभाग शेजारच्याइतकाच गुळगुळीत.

तिसरी, जिथे दगडच बदललेला आहे: आंबटाने खाल्लेला चट्टा, उष्णतेने पिवळा पडलेला क्वार्ट्झ, केसासारखी तडा. इथे काढून टाकण्यासारखं काही नसतंच. उलट काहीतरी गेलेलं असतं.

दुसरी आणि तिसरी जात वेगळी करायला एक सोपी युक्ती आहे (पिवळा पडलेला क्वार्ट्झ सोडून, त्याचं टप्पा ७ मध्ये). खुणेवर ओला फडका फिरवा. ओलं असताना खूण दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर परत आली तर ती खरखरीतपणाची, म्हणजे घासून घोटावी लागणार. ओलं असतानाही तशीच दिसली तर रंग आत गेला आहे, तिथे लेप लागेल. मुरलेल्या डागावर तासभर घासत बसणारे आणि खाल्लेल्या चट्ट्यावर तीन-तीन दिवस सोड्याचा लेप ठेवणारे, दोघेही इथेच चुकतात.

कडप्प्यावर गरम कुकरच्या बुडाचं फिकट कडं उमटलं असेल तर लगेच दगड भाजला असं समजू नका. बहुतेक वेळा तिथलं मेण किंवा तेल वितळून सरकलेलं असतं.

## टप्पा ३: साहित्य आणि तयारी

साहित्य साधंच आहे. भांडी घासायचा साधा द्रव साबण (लिंबाचा गुण सांगणारा नको), खायचा सोडा, हातमोजे, सुती फडकी, जुनं एटीएम कार्ड, दाढीचं पातं, चिकटपट्टी. वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) २२०, ४००, ६०० आणि १००० नंबरचे, प्रत्येकी दोन; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. ते कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. रविवार पेठेत जाणार असाल तर बोहरी आळीत बाकीचंही एकाच फेरीत होईल. वॉटर पेपर गुंडाळायला साबणाच्या वडीएवढा लाकडी ठोकळा. बोटांनी कागद दाबला की बोटांखाली खळगे पडतात आणि ते उजेडात लाटांसारखे दिसतात.

ओटा पूर्ण रिकामा करा. "एवढा कोपरा राहू दे" असं म्हणू नका, तेवढ्याच कोपऱ्यातला मसाल्याचा डबा ओल्या लगद्यात पडतो. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, पाइप गॅस असेल तर झडप बंद करा. शेगडी उचलून बाजूला ठेवा, बसवलेला हॉब असेल तर प्लास्टिकने झाका. सिंकच्या कडेला आणि भिंतीच्या टाइल्सच्या खालच्या ओळीला चिकटपट्टी लावा. ओट्याजवळचे विजेचे पॉइंट बंद.

दोन दिवस जेवणाचं काय, ते आधीच ठरवा. हे गमतीने म्हणत नाही. अर्धवट वाळलेल्या सीलरवर संध्याकाळी कुकर चढवल्याने फुकट गेलेली कामं मी पाहिली आहेत.

## टप्पा ४: आधी नुसता साबण

सुरुवातीला कुठलंही औषध नको. फोडणीच्या वाफेने ओट्यावर तेलाची चिकट साय धरलेली असते, आणि तिच्यावरून लेप लावला किंवा वॉटर पेपर फिरवला तर दोन्ही वाया. कोमट पाण्यात साबण कालवून ओटा दोनदा धुवा, प्रत्येक वेळी फडक्याने पूर्ण पुसा. चिकट जागी सोड्याची ओलसर पेस्ट दहा मिनिटं ठेवून मग पुसा.

जळकी साय, पाक: गरम ओलं फडकं पंधरा मिनिटं ठेवा, मग एटीएम कार्डाने खरवडा. वितळलेल्या प्लास्टिकवर उलट करा. बर्फ ठेवून ते कडक करा, म्हणजे पापुद्र्यासारखं सुटतं.

नळाजवळचे क्षार: जिथे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं, तिथे हा पांढरा थर हमखास असतो. ग्रॅनाइटवर एक ग्लास पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून फडक्याने दोन मिनिटं ठेवा आणि लगेच धुवा. कडप्प्यावर हे चालत नाही, कारण क्षार आणि दगड दोन्ही चुन्याचेच, आम्ल त्यांच्यात फरक करत नाही. तिथे साबणाचं पाणी लावून दाढीचं पातं जवळजवळ आडवं धरून हलक्या हाताने सरकवा.

धोका: ब्लीच आणि आम्लाचा क्लीनर एकत्र करू नका, एकामागोमागही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपली स्वयंपाकघरं लहान असतात.

रात्रभर वाळू द्या. सकाळी उजेडात परत बघा. चारपैकी एका ओट्याचं काम इथेच संपतं, हा आपला माझा अंदाज.

## टप्पा ५: मुरलेल्या डागाला लेप

लेपाचं काम डाग ओला करून वर ओढून घेणं. हे ओढणं लेप वाळताना होतं, त्यामुळे वाळायच्या आत लेप काढला तर काहीच साधत नाही.

तेलाच्या डागासाठी खायचा सोडा आणि पाणी, श्रीखंडाइतकं घट्ट. डाग जुना असेल तर पाण्याऐवजी ॲसिटोन. डागाच्या बाहेर दोन बोटं जाईल असा, अर्धा सेंटीमीटर जाडीचा थर द्या. वरून प्लास्टिकचा कागद, कडा चिकटपट्टीने बंद. चोवीस तासांनी प्लास्टिक काढा आणि लेप उघडा ठेवून पूर्ण वाळू द्या, त्याला अजून एक दिवस लागू शकतो. मग कार्डाने काढा, धुवा, पुसा. डाग निम्मा फिका झाला असेल तर रीत बरोबर आहे, पुन्हा करा. तीन लेपांतही फरक पडला नाही तर थांबा.

धोका: ॲसिटोनची वाफ झटकन पेटते. गॅस बंद, खिडकी उघडी, आणि देवघर स्वयंपाकघरातच असेल तर लेप वाळेपर्यंत निरांजन दुसऱ्या खोलीत. सनमायका, ॲक्रिलिक आणि क्वार्ट्झवर ॲसिटोन लावायचंच नाही.

हळदीची गंमत वेगळी. सोडा किंवा साबण लागला की ती लाल होते. घाबरू नका, हळदीला चुना लावून कुंकू करतात तोच हा प्रकार. पांढऱ्या संगमरवरावर हळदीसाठी मेडिकलमधलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड सोड्यात कालवून लेप द्या, पण आधी कोपऱ्यात लावून बघा. काळ्या दगडावर पेरॉक्साइड नको, दगडच फिका पडू शकतो. खिडकीजवळचा ओटा असेल तर धुऊन तसाच उन्हात राहू द्या, हळदीचा रंग उजेडाने उडतो.

गंजाचं वर्तुळ कडप्प्यावर पडलं असेल तर माझं मत: सोडून द्या. गंज काढणारी बहुतेक औषधं आम्लधर्मी असतात, आणि एका तांबूस कड्याच्या जागी मोठा पांढरा चट्टा घेण्यात अर्थ नाही.

## टप्पा ६: खाल्लेला किंवा कड्याचा कडप्पा घोटणं

हाताने जमणारं हेच मुख्य काम, आणि बिघडतंही इथेच जास्त.

आधी फक्त मेण सरकलं असण्याची शक्यता तपासा. फिकट कड्यावर कापसाने थोडं लिक्विड पॅराफिन (मेडिकलमध्ये मिळतं) चोळा, दहा मिनिटांनी पुसा. कडं बुजलं तर घासायचं कारणच नाही, सरळ टप्पा ९ वर जा. नाही बुजलं तर तेवढी जागा साबणाने धुऊन, वाळवून पुढे चला.

१. कुठल्या नंबरपासून सुरू करायचं ते ठरवा. चट्टा नुसता निस्तेज आणि बोटाला गुळगुळीत असेल तर ६००. खरखरीत लागत असेल तर ४००. नख अडकत असेल तरच २२०. बहुतेक जण जोर दाखवायला २२० ने सुरुवात करतात, आणि मग त्याचेच ओरखडे काढण्यात दुपार जाते.

२. वॉटर पेपर पाण्यात दहा मिनिटं भिजवा, ठोकळ्याला गुंडाळा. ओट्यावर पाणी शिंपडून लांब, सरळ, हलक्या हाताने घासा. गोल गोल घासू नका. चट्ट्याच्या दुप्पट जागा घ्या आणि कडेकडे जाताना दाब कमी करत न्या, नाहीतर चट्ट्याच्या जागी खळगा दिसतो.

३. काळा लगदा सुटेल, तो फडक्याने टिपून कचऱ्यात टाका. सिंकमध्ये गेला तर खाली ट्रॅपमध्ये सिमेंटसारखा बसतो. त्यातला चमचाभर मात्र बशीत वाळवून ठेवा, पुढे कामाला येईल.

४. नंबर बदलताना जागा धुवा, पाणी बदला, ठोकळा पुसा. आधीच्या नंबरचा एक कण राहिला तरी पुढच्या कागदाखाली तो रेघ ओढत जातो. नवीन नंबर आधीच्याला आडव्या दिशेने चालवा. आधीचे सगळे ओरखडे गेले की तो नंबर संपला.

५. प्रत्येक नंबरनंतर जागा पूर्ण कोरडी करा आणि मोबाइलची बॅटरी ओट्याला टेकवून आडवा उजेड टाका. ओल्या दगडावर सगळं सुंदरच दिसतं, त्यावर विश्वास ठेवू नका.

इथे थांबून बघा: शेजारचा जुना भाग किती चमकतो? घरातले बरेच कडप्पे ४०० ते ६०० नंबरच्या मंद झिलईचे असतात. तसा असेल तर तुम्हीही तिथेच थांबा. हौसेने १००० पर्यंत गेलात तर मधोमध जास्त चकचकीत तुकडा दिसेल आणि मग सगळा ओटा घोटावा लागेल. ते काम हाताने दोन दिवसांचं आहे, मी केलं आहे.

धोका: कुठलाही दगड कोरडा घासू नका. ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. लाद्या कापायचा ग्राइंडर तर हातातही घेऊ नका. त्याचा वेग पॉलिशसाठी फार जास्त आहे, आणि पाणी व वीज एकाच ओट्यावर येतात ते वेगळंच.

## टप्पा ७: ग्रॅनाइट, क्वार्ट्झ आणि बाकीचे भाजले असतील तर

ग्रॅनाइट सहसा भाजत नाही. तवा ठेवल्यावर पडलेला काळा डाग म्हणजे बहुधा जळलेलं तेल, ते टप्पा ४ मध्ये निघतं. ग्रॅनाइटला भीती तड्याची. एका जागी एकदम उष्णता गेली की तेवढाच भाग प्रसरण पावतो, आणि सिंक किंवा हॉबच्या कापाशेजारची अरुंद पट्टी तडकते. निस्तेज झालेला ग्रॅनाइट वॉटर पेपरने घोटायला जाऊ नका, त्याच्यावर कागद लवकर झिजतो. त्याला डायमंड पॅड आणि पाण्याची मशीनच लागते.

क्वार्ट्झ म्हणजे दगडाचा चुरा आणि त्याला धरून ठेवणारं रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. साधारण १५० अंश सेल्सियसच्या पुढे रेझिन बिघडतं, आणि पोळ्यांचा तापलेला तवा त्याहून बराच गरम असतो. पिवळा किंवा पांढुरका डाग आधी साबण-सोड्याने हलकेच पुसून बघा, वरचं काही असेल तर निघेल. तरी राहिला तर रेझिनच करपलं आहे. घासलंत तर तेवढीच जागा निस्तेज होऊन डाग अजून उठून दिसेल. दुकानदाराकडून कारागीर बोलवा, किंवा ती जागा कापून तिथे स्टीलची पट्टी बसवून घ्या. मला हा दुसरा उपाय आवडतो, कारण पुढे गरम भांडं ठेवायला हक्काची जागा होते.

सनमायकावर रंगाचा थर कागदाइतका असतो, करपलेला भाग घासून निघत नाही. नुसता फुगा आला असेल तर सुती फडकं घालून इस्त्री अगदी कमी तापावर काही सेकंद फिरवा आणि लगेच वर वरवंटा किंवा पाण्याचा भरलेला डबा रात्रभर ठेवा. आतला गोंद परत धरतो. ॲक्रिलिकचा ओटा असेल तर हलकी भाजल्याची खूण ओल्या वॉटर पेपरने निघते, रीत टप्पा ६ चीच.

## टप्पा ८: तडा आणि टवके

नख अडकणारी तडा आणि उडालेले टवके याच टप्प्यात भरा, मेण किंवा सीलर लावल्यावर नाही. मेणावर एपॉक्सी (दोन ट्यूब मिसळून करायचा पक्का गोंद) धरत नाही.

जागा ॲसिटोनने पुसा, वाळवा, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा. एपॉक्सीच्या दोन्ही ट्यूब पाकिटावरच्या प्रमाणात एकत्र करा आणि त्यात मघाशी वाळवून ठेवलेली कडप्प्याची पूड घाला. दुकानातल्या काळ्या ऑक्साइडपेक्षा (रंगाची पूड) हा रंग नेमका जुळतो, ऑक्साइड फार गडद दिसतं. किंचित उंच भरा, चोवीस तास हात लावू नका. मग पातं सपाट धरून उंचवटा तासा आणि ६०० नंबरने ओलं घासून घ्या.

तडा आरपार गेली असेल, म्हणजे खालूनही दिसत असेल, तर भरून उपयोग नाही. ओटा खालून पेलावा लागेल, त्यासाठी मिस्त्री हवा.

## टप्पा ९: मेण किंवा सीलर

ओटा धुऊन पूर्ण एक दिवस वाळू द्या.

ग्रॅनाइट आणि संगमरवराला आत मुरणारं सीलर. फडक्याने पातळ लावा, पाकिटावर दिलेला वेळ ठेवा, आणि ते वाळायच्या आत जादाचं पुसून काढा. हे पुसायचं राहिलं की चिकट पांढरट पट्टे उरतात, आणि लोक सीलरला शिव्या देतात. क्वार्ट्झला काहीच लावायचं नाही.

कडप्प्याला लिक्विड पॅराफिन किंवा दगडाचं मेण. थोडं घ्या, सगळ्या ओट्यावर एकसारखं चोळा, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून घ्या. पांढऱ्या कागदी रुमालाला तेल लागेनासं झालं की झालं. नुसत्या दुरुस्त केलेल्या जागी लावलं तर तोच तुकडा गडद दिसतो.

गोडेतेल नको, ते चिकट होतं आणि मुंग्या येतात. काळं बूटपॉलिशही नको. पहिल्या दिवशी ओटा नव्यासारखा दिसतो हे खरं, पण चौथ्या दिवशी कणीक मळताना परातीच्या बुडाला ते लागलेलं असतं.

## मिस्त्री बोलवायचाच असेल तर

पूर्ण ओटा निस्तेज झाला असेल तर मशीनचं पॉलिश करून घेणं शहाणपणाचं. फोनवरच तीन गोष्टी विचारा: पाण्याची मशीन आहे का, शेवटचा पॅड किती नंबरचा, आणि ॲसिड वापरणार का. कडप्प्यासाठी तिसऱ्याचं उत्तर "थोडंसं" आलं तरी दुसरा माणूस बघा. आल्यावर आधी सिंकच्या बाजूला वीतभर जागा करून दाखवायला सांगा, ती वाळल्यावर बघा, मग पुढचा हात लावू द्या.

## पहिले दोन दिवस

सीलर किंवा एपॉक्सी लावल्यावर चोवीस तास पाणी नको, अठ्ठेचाळीस तास गरम भांडं नको. त्यानंतरही भरलेल्या तड्यावर कुकर ठेवू नका, एपॉक्सी उष्णतेने मऊ पडतं. शेगडीच्या दोन्ही बाजूंना एकेक अडणी कायमची ठेवून द्या. मी भिंतीला खिळा ठोकून चुंबळ टांगली आहे, कारण कपाटातली अडणी कढई हातात असताना कुणी काढत नाही. लिंबू, कोकम, टोमॅटो कापायचे ते पाटावर, आणि ताकाचं भांडं ठेवलं तर खाली ताटली.

सहा महिन्यांनी सिंकजवळ पुन्हा पाण्याचे चार थेंब ठेवून बघा. दगड गडद झाला तर फक्त टप्पा ९ परत करा.